भात्याचं नाक

सोनारकामात हात लागतो, डोळा लागतो, हे कुणीही सांगेल. नाक लागतं, हे सोनारालाच ठाऊक. दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी धरून सांधा जोडणारा डाख वितळवायचा, तर फुंक मध्येच तुटून चालत नाही. गालांत साठवलेली हवा गालांनीच पुढं ढकलायची आणि तेवढ्यात नाकानं नवी आत ओढायची. यात गल्लीतल्या एका सोनाराचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. म्हणून त्याचं नाव पडलं भात्या.

शेजारच्या पाटावर धाकटा भाऊ बसायचा. त्यानं डाख वितळवायला केव्हाच गॅसची बत्ती घेतली होती.

"दादा, हवा आता सिलिंडरात मिळते. तू फुप्फुसं कशाला झिजवतोस?"

"तुझा सिलिंडर आंधळा आहे. नाजूक काम समोर आलं की गिळून टाकतो."

एका पावसाळ्यात सर्दी झाली आणि जाता जाईना. औषधाच्या दुकानातून भात्यानं नाकात टाकायची बाटली आणली. दोन-दोन थेंब टाकले, आणि पाच मिनिटांत नाक असं मोकळं झालं की फुंक पुन्हा सरळ रेघेत चालली. सर्दी गेली, बाटली मात्र खिशातच मुक्कामाला राहिली. आधी दिवसातून दोनदा, मग दर दोन तासांनी. थेंबांचा जोर ओसरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट बसायचं.

"लोक तोंडानं पितात, तुम्ही नाकानं प्यायला लागलात," बायको म्हणायची.

पुढं तीच अंथरुणाला खिळली. पोटातलं दुखणं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. अंगावरचं मांस उतरलं तशी बोटातली अंगठी सैल झाली. दोनदा ती पांघरुणात हरवली. लग्नाच्या वेळी भात्यानंच घडवलेली अंगठी ती.

"लहान करून द्या," ती म्हणाली. "मोकळं बोट बरं वाटत नाही मला."

भात्यानं अंगठी कापली, गव्हाएवढा तुकडा काढला, टोकं जुळवली आणि फुंकणी तोंडात धरली. चार फुंका गेल्या असतील. नाकातून हवा येईना. ज्योत डगमगली, डाखाचा गोळा होऊन बाजूला घरंगळला. खिशातली बाटली काढून थेंब टाकले, वाट बघितली, नाक मोकळं झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

भाऊ बघत होता. "दे इकडं. दोन मिनिटांचं काम आहे."

"घरच्या बाईचा दागिना घरच्या श्वासावर जोडायचा. बापानं आईचा तसाच जोडला होता."

"बापाचं नाक चालत होतं, दादा."

भात्या नाकाच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरांनी आत उजेड टाकून बघितलं. "या थेंबांनी आतल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज बसते, हवेला वाट मिळते. पण चार-पाच दिवसांपुरतं हे औषध. तुम्ही वर्ष काढलंत. आता असर उतरला की त्या दुपटीनं फुगतात. बंद करा. एकदम जमत नसेल तर आधी डावी नाकपुडी सोडा, मग उजवी."

"किती दिवस लागतील?"

"दोन-तीन आठवडे धरा."

भात्यानं डावी सोडली. आठ दिवस अर्ध्या नाकानं जगला, उशीवर तोंड उघडं टाकून. बायको रोज विचारायची, "झाली का?" आणि तो म्हणायचा, "होईल." नवव्या दिवशी तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "अहो, भाऊजींना द्या ना. कोण बघतंय कुठल्या जाळावर जोडली ते."

"आठवडाभर कळ काढ. डावी उघडायला लागलीय, आजपासून उजवी सोडतो."

ती हसली की काय, ते त्याला नीट कळलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. बोट मोकळंच होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी भात्या उठला तर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या. थेंब नाही, काही नाही. हवा सरळ घशापर्यंत गार उतरत होती. तो बराच वेळ अंथरुणावर बसून नुसता श्वास घेत राहिला. मग दुकानात गेला, डबीतली कापलेली अंगठी काढली आणि भावाच्या पाटावर ठेवली.

"जोड."

भावानं त्याच्याकडं बघितलं. "आता तर तुझं नाक चालतंय."

"तुला द्यायला सांगितलं होतं तिनं."

भावानं टोकं जुळवली; गल्लीतला चहावाला तेव्हा समोरच्या दुकानात शिरत होता. डाख ठेवला, बत्ती पेटवली. निळा जाळ सुईसारखा उभा राहिला. भात्या बाजूला उकिडवा बसून सांध्याकडं बघत होता. डाख चमकला, सांध्यात पळाला, भरला. भावानं अंगठी चिमट्यानं पाण्यात सोडली. तोवर चहावाला समोरच्या दुकानातून बाहेरसुद्धा पडला नव्हता.