मोटेमागं चालत पाढे शिकलेली आत्या

माझी आत्या आईच्या पोटातूनच अफू खाऊन आली होती.
असं अख्खं झरी गाव म्हणायचं. आणि ते खरं होतं.

निजामाचं राज्य होतं. अफू सरकारी दुकानात मिळायची. माझी आजी पाठदुखीवर ती रोज घ्यायची, दिवस गेलेले असतानाही. वाईट असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्या जन्मली ती कितीतरी दिवस नुसती थरथरत, किंचाळत होती.
सुईण म्हणाली, "लेकराची अफू उतरायलीय, माय."

आजीनं अफूची डबी चुलीत घातली. पुढं महिनाभर स्वतः तळमळली, पण पुन्हा हात लावला नाही.

आत्या तिसऱ्या वर्षी चालली. बोलली त्याहून उशिरा. पण एकदा चालायला लागली ती एका जागी कधी बसलीच नाही.

मास्तरांनी आठ दिवसांत शाळेतून घरी पाठवली. "अफूचं लेकरू हाय, बाई. हिला काई यायचं न्हाई."

आजी खूप रडली. मग पोरीला विहिरीवर, मोटेकडं घेऊन गेली.
आजोबा बैल हाकता हाकता पाढा सांगायचे. बैल पुढं गेले की एक ओळ, मागं आले की दुसरी. आत्या त्यांच्यामागं चालत म्हणायची. ती सारखी पडायची, म्हणून आजी शेजारून चालायची.
असे तीसपर्यंत पाढे झाले!

शाळा तपासायला साहेब आले त्या दिवशी आजी पोरीला घेऊन थेट वर्गात. "हिला तीसपर्यंत पाढे येतात, साहेब."
मास्तर म्हणाले, "हं, नीट उभी राहून म्हण."
आत्या जागच्या जागी चुळबुळत राहिली.
"साहेब, तिला चालू द्या," आजी म्हणाली.
साहेब म्हणाले, "चलने दो."

आत्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत एकोणतीसचा पाढा म्हणाली. न अडखळता. मग उलटा.

साहेबांनी विचारलं, "बाई, क्या खिलाते इसको?"
आजीनं मास्तरांकडं बघितलं.
"आता निस्ती भाकर, साहेब."

त्याच दिवशी हजेरीत नाव लागलं. आत्या पुढं स्वतः शिक्षिका झाली, हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाली. तिच्या वर्गात पोरं खुशाल फिरत पाढे म्हणायची.

परवा आयसीयूत सिस्टर आत्याला म्हणाली, "आजी, हलू नका."
"माय, ते मला जल्मात जमलं न्हाई."

आज सकाळी ती पहिल्यांदाच एका जागी स्वस्थ राहिली.

आत्या, तिकडं आजी भेटेल. तिला एकोणतीसचा म्हणून दाखव. चालत चालत.
तुला ताठ मानेनं निरोप.