पावणेचारशेची गोळी

सत्तार मिस्त्री नगरला कापडबाजारामागच्या एका बंदुकांच्या दुकानात कामाला होता. दुकान शेठचं, परवाना शेठचा, पण गिऱ्हाईक यायचं ते सत्तारकडे. घोडा अडकला, नळीला गंज चढला, दस्ता तडकला, की लोक शेठला रामराम करून सरळ मागच्या खोलीत शिरायचे. काडतुसांचं तर त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. नळीच्या मापाचे इंग्रजी आकडे त्याने आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले होते. दोनशे पंच्याहत्तरच्या रायफलीला तो पावणेतीनशे म्हणायचा, तीनशे पंच्याहत्तरच्या रायफलीला पावणेचारशे. पुढे पुढे सगळं दुकान तसंच बोलू लागलं.

चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात संगमनेरकडचे एक इनामदार दुकानात आले. घाईत होते. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "सत्तार, लांबवर सपाट जाणारी गोळी कोणती?"

"पावणेतीनशे, सरकार. खांद्याला धक्का कमी, आणि अडीचशे वारांवर वीतभरसुद्धा खाली येत नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. हलकी, वेगाची गोळी. काळविटाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण इनामदार कशाच्या मागे निघालेत हे सत्तारने विचारलं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर धाकटा भाऊ अजीज म्हणाला, "भाई, उद्या इनामदारांबरोबर माग काढायला जातोय." तेव्हाही त्याने विचारलं नाही. जेवून झोपला.

ते बिबट्याच्या मागे गेले होते. इनामदारांनी नाल्यापलीकडून गोळी झाडली. नेम चुकला नाही. गोळी बिबट्याच्या खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच तिच्या ठिकऱ्या झाल्या. आत काही गेलंच नाही. बिबट्या लंगडत करवंदीच्या जाळीत घुसला. इनामदारांना दिवस मावळायच्या आत कातडं हवं होतं. त्यांनी अजीजला लगेच जाळीत पाठवलं.

अजीज अकरा दिवस दवाखान्यात होता. बिबट्याने चावलेला हात आधी सुजला, मग काळा पडला, मग ताप चढला तो उतरलाच नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

सत्तारने जनाज्याला खांदा दिला, कबरीत तीन मुठी माती टाकली आणि चौथ्या दिवशी दुकानात जाऊन बसला. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं. एकदा कानस चालवताना अंगठ्याचं नख निम्मं निघालं. शेठ ओरडले तेव्हा कुठे त्याचं रक्ताकडे लक्ष गेलं. त्याने चिंधी बांधली आणि उरलेला दस्ता घासून पुरा केला.

त्याची स्वतःची बायको बाळंतपणात कधीच वारली होती. घरात म्हातारी आई आणि अजीजची बायको रोशनबी. रोशनबी भाकरी करायची, आईचे पाय चेपायची, दुपारी लोकांचे कपडे शिवायची. अजीजचं नाव घरात कुणी काढत नसे. आपण दिलेल्या गोळीबद्दल सत्तारने तिला काही सांगितलं नव्हतं. सांगू नये असंही ठरवलं नव्हतं. दोन वर्षं तशीच गेली.

सेहेचाळीस सालच्या डिसेंबरात राजूरहून सूर्यभान सुभेदार आले. लढाईवरून परतलेला, पन्नाशीचा, ताठ चालणारा माणूस. राजूरच्या वरच्या डोंगरात पट्ट्याच्या वाघाने तीन माणसं मारली होती. सरकारातून सुभेदारांना वाघ मारण्याचा हुकूम झाला होता. त्यांच्याकडे दोन रायफली होत्या; देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेल्या. एक चारशे सत्तरची दुनळी, दुसरी पावणेचारशे.

"सत्तारभाई, दुनळी नेऊ का?" सुभेदार म्हणाले. "एका गोळीत हत्ती बसतो म्हन्त्यात."

"किती लांबून मारणार?"

"तीच तर आडचन हाय. मचानावर दोनदा बसलो, त्यो परत शिकारीवर येतच न्हाई. पर रोज सकाळी उन्हं आली की घळीपल्याडच्या कड्यावर, एका कपारीत येऊन पडतो. मधी दरी हाय. तीनशे वार तरी आसंल."

"आणि जखमी होऊन जाळीत गेला तर मागे कोण जाणार?"

सुभेदारांनी दुनळी मेजावर ठेवली. "भीमा म्हनून हाय एक, ठाकर. त्याच्याच बायकुला मारलंय वाघानं. त्योच जानार म्हन्तोय."

सत्तारने मान हलवली. दुनळी त्याने बाजूला सारली. तिची गोळी म्हणजे अंगठ्याएवढा शिशाचा गोळा. पन्नास वारांवर तिला तोड नाही, पण तीनशे वारांवर ती दोन हात खाली येते. नेम वाघावर धरावा तर गोळी कड्यात लागायची. पावणेतीनशेचं त्याने नावही काढलं नाही. उरली पावणेचारशे. लढाईमुळे विलायतेहून माल येणं बंद झालेलं. फळीवर सगळी मिळून एकोणीस काडतुसं होती आणि ती तीन तऱ्हांची.

त्याने ती मेजावर मांडली. पहिली तऱ्हा पूर्ण धातूच्या कवचातली. ती आरपार जाते, बारीक भोक पाडते आणि जनावर कोसभर पळून मग मरतं. दुसरी उघड्या शिशाच्या टोकाची, तीनशे ग्रेन वजनाची. जवळून फार चांगली, पण लांब जाताना वेग टाकते. तिसरीही उघड्या टोकाची, पण दोनशे सत्तर ग्रेनची. तीनशे वारांवर वीत-दीड वीत खाली येईल. तेवढं नेम धरताना सांभाळता येतं. प्रश्न एकच होता. ती फुटेल की टिकेल?

"हे मी इथे बसून सांगणार नाही," सत्तार म्हणाला. "मी बरोबर येतो."

शेठ बघतच राहिले. अकरा वर्षांत सत्तार दुकान सोडून कुठे गेला नव्हता.

राजूरबाहेरच्या माळावर त्याने तीनशे वार दोरीने मोजले. भिजवलेल्या पोत्यांची चळत रचली, त्यांच्या पुढे बैलाचं वाळलेलं खांद्याचं हाड बांधलं. तिसऱ्या तऱ्हेची दहा काडतुसं होती. त्यांतल्या तीन काडतुसांच्या बुडाला हिरवट ओल धरलेली दिसली, ती त्याने वेगळी काढली. सुभेदारांनी तीन गोळ्या झाडल्या. सत्तार चालत गेला, पोती एकेक करून सोडवली. गोळी हाड फोडून सात पोती आत गेली होती. टोक उमलून पसरलेलं, बूड शाबूत. दुसरी तशीच. तिसरीही तशीच.

"हीच," तो म्हणाला.

सुभेदार खूश झाले. चांगल्या कामानंतर माणसाला जे वाटतं ते आपल्यालाही वाटेल, म्हणून सत्तार क्षणभर थांबला. काही वाटलं नाही. त्याने उरलेली चार काडतुसं फडक्यात गुंडाळून सुभेदारांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते तिघं घळीच्या अल्याडच्या काठावर पालथे पडले. भीमा काटकुळा, गप्प माणूस. कमरेला कोयता. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडलं होतं. "गवत कापाया गेल्ती," तो म्हणाला. "साळूबाई नाव हुतं तिचं." सत्तारने ऐकलं आणि पुढे चालत राहिला.

वाघ आला. कपारीत बसला, पंजा चाटला, आडवा झाला. सुभेदारांनी रायफल दगडावर ठेवलेल्या घोंगडीवर टेकवली. "खांद्याच्या वरच्या रेषेवर धरा," सत्तार हळूच म्हणाला. "श्वास सोडा. मग."

बार झाला. वाघ एकदम उभा राहिला, कोलमडला, कपारीवरून घसरून खालच्या जाळीत दिसेनासा झाला. एक डरकाळी आली. मग काही नाही.

"लागली!" सुभेदार म्हणाले.

भीमा कोयता काढून उतरायलाच लागला होता. सत्तारने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

"सोडा, मिस्त्री."

"खाली बस."

"मेलाय त्यो. सोडा मला!"

"मेला असेल तर पळून जात नाही. बस."

भीमाने हिसका दिला. सत्तारने दुसऱ्या हातानेही धरलं. भीमा रडायला लागला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. त्याचं अंग हलत होतं आणि त्याच्याबरोबर सत्तारचे हात हलत होते. सुभेदारांनी तोंड फिरवलं. सत्तार नुसता पाहत होता. मनगट मात्र त्याने सोडलं नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत, दोन तास, तो ते धरून बसला. नंतर त्याची बोटं सरळ होईनात, तेव्हा भीमानेच ती एकेक करून मोकळी केली.

मग दगड मारत, रायफल रोखून, तिघं खाली उतरले. वाघ जाळीच्या तोंडाशीच मरून पडला होता. गोळी खांद्याचं हाड फोडून दोन्ही फुप्फुसांतून गेली होती आणि पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. भीमा वाघापाशी उकिडवा बसला. त्याने कोयता वापरला नाही. नुसता हात ठेवून बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "लई ऊन हाय अजून अंगात."

तिसऱ्या दिवशी सत्तार नगरला परतला. संध्याकाळी रोशनबीने ताट वाढलं. आई आतल्या खोलीत पडली होती. त्याने दोन घास खाल्ले आणि ताटाकडे पाहतच बोलायला लागला. इनामदार आले होते ते, त्यांनी काय विचारलं ते, आपण कोणती गोळी दिली ते, ती का फुटली ते. सगळं एका सुरात, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. त्याचं बोलणं संपेपर्यंत रोशनबी हलली नाही.

"मालूम था मेरेकू," ती म्हणाली.

सत्तारने मान वर केली.

"दवाखान्यातच सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, गोळी हलकी होती, भाईच्या दुकानातली होती. आणि म्हणाले, आपल्याला हे माहीत आहे हे भाईला कळू देऊ नको. तो जगायचा नाही."

चुलीत लाकूड तडतडलं. सत्तारने एक घास घेतला.

"कालवणात मीठ कमी आहे," तो म्हणाला.

रोशनबी उठली, मीठ आणून तिने ताटात वाढलं आणि पुन्हा समोर बसली. तो सगळं जेवला.

पुढल्या वर्षी आई गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी घोडेगावच्या एका विधुर व्यापाऱ्याचं, बैलांच्या बाजारातल्या माणसाचं, रोशनबीला स्थळ आलं. सत्तार स्वतः घोडेगावला जाऊन घर बघून आला. विहिरीला पाणी आहे का, माणूस दारू पितो का, पहिल्या बायकोची मुलं किती, सगळं त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. निकाहच्या दिवशी रोशनबी गाडीत बसताना रडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

एकोणपन्नास साली शेठने दुकान विकलं. सत्तार शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागला. रोशनबीचं यंत्र बिघडलं की घोडेगावहून बैलगाडीत घालून त्याच्याकडे यायचं. तो ते सबंध उकलायचा, तेलपाणी करायचा, चिंधीवर दोन-चार टाके घालून बघायचा आणि परत पाठवून द्यायचा.