खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

विमान थांबलं न थांबलं तोच आण्णा दार उघडून ओरडले, "इंजिनिअरसाहेब, काटा लालमधी गेलाय! काहून गेला ते सांगा आधी."

आण्णा म्हणजे धारूरकडचे मोठे बागायतदार. हौसेनं दोन सीटचं विमान घेतलेलं, रानातच धावपट्टी, आणि विमानाची देखभाल माझ्याकडं. दसऱ्याच्या सकाळी सीमोल्लंघनाला उडाले आणि लगेच परत फिरले. काटा सिलिंडर हेड टेम्परेचरचा, म्हणजे इंजिनाचं डोकं किती तापलंय त्याचा.

इंजिन निवू दिलं. काउलिंग, म्हणजे वरचं झाकण, काढलं. आत इंजिन लखलखीत! हळदकुंकू लावलेलं. आणि कडेच्या पत्र्यांवरची काळी रबरी पट्टी पत्र्याच्या काठालगत कापून टाकलेली. अगदी सुबक!

माझंही डोकं तापलं. "भानुदास!"

भानुदास तिथला राखणदार. या नोकरीमुळं त्याची ऊसतोड सुटली होती आणि दोन्ही पोरी गावच्या शाळेत टिकल्या होत्या.

"सायेब, काल पूजेला धुतलं तवा रबर लई लोंबत व्हतं. सणाला इंजिन असं भिकाऱ्यावाणी दिसावं व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मग समजावलं. नाकावरच्या दोन भोकांतून वारा आत येतो. तो सिलिंडरच्या पात्यांमधूनच खाली जायला हवा. पत्रा आणि झाकण यांच्यातली फट ती पट्टी बुजवते. पट्टी नसली की वारा वरच्यावर पळतो.

भानुदासनं पत्र्याच्या उघड्या काठावरून बोट फिरवलं. "म्हंजे म्या बांधच फोडला की! पानी वाफ्यात गेलंच न्हाई."

इतकं सोपं मलाही सांगता आलं नव्हतं.

तेवढ्यात आण्णा आले. "कुणाचं काम हाय हे?"

भानुदास मान खाली घालून उभा. त्याला कामावरून काढलं असतं तर पुन्हा हातात कोयता आणि पोरींची शाळा बंद.

"माझं," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते. पूजेसाठी झाकण मीच उघडून दिलं, चहाला गेलो आणि आल्यावर आत न बघता लावून टाकलं. आण्णांनी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण भानुदास राहिला.

नवी पट्टी येईपर्यंत विमान उभंच. ती आली तेव्हा भानुदासच दुसरं टोक धरून बसला होता.

आता मी रिटायर झालोय, विमानही विकलं गेलं. खंडेनवमी आली की ते रान फार आठवतं. पुढं दरवर्षी झाकण लावण्याआधी भानुदास हाक मारायचा, "सायेब, बांध बघा आन् मंग चहाला जा."

मी बघायचो. चहा कुठं पळून जात नाही.