कायनाय

दुपारचं जेवण झालं आहे. मी खाटेवर कलंडले आहे. मांडीवर मिनेझिस स्मारक समितीचा कागद, उशाशी शाईचा पॅड. तो पॅड समितीचे गृहस्थ मुद्दाम ठेवून गेले. "आजी, अंगठा उमटवलात तरी चालेल." मी बासष्टाव्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकले, हे त्यांना सांगायचासुद्धा मला कंटाळा आला.

कागदावर छापलं आहे की थोर पियानोवादक आलेशू मिनेझिस यांची 'कायनाय' ही अजरामर धून त्यांच्या गोव्यातल्या प्रेयसीच्या नावावर आहे, आणि ते पियानो वाजवत त्या हॉटेलात मी फरशी पुसत असे म्हणून मला हे ठाऊक आहे. खाली सहीची जागा.

कागद उलटा करून मी मागे एकच ओळ लिहिली आहे. ही चाल माझ्या आईची. पुढे पेन अडलं. फरशी पुसणारीचं कोण खरं मानणार? डोळे जड होतात.

"अक्षर बरं आहे गो बाय."

पायथ्याशी मिनेझिस बसला आहे. मरून एकोणीस वर्षं झाली, पण पांढरा कोट तोच आणि कॉलर तशीच मळकी. जिवंतपणी मी त्याला साहेब म्हणायचे. आता कशाला म्हणू?

माझी खाट हॉटेलच्या हॉलमध्ये आहे. फरशी ओली आहे, हातात फडकं आहे.

"ओल्या फरशीवर बूट? मेलास तरी अक्कल आली नाही."

"त्या दिवशी तू काय गात होतीस?"

"जन्मभर त्याच्यावर टाळ्या घेतल्यास आणि आता मला विचारतोस?"

त्या दिवशी मी पुसता पुसता गुणगुणत होते. त्याने मागून विचारलं, ह्या गाण्याचं नाव काय? मला वाटलं, कामावरून काढतात. "काय नाय साहेब," मी म्हटलं. त्याने तेच वहीत टिपलं. रेकॉर्डवर तेच छापून आलं. मग शहाण्या लोकांनी त्या कायनायला लांब केस दिले, घारे डोळे दिले आणि शेवटी मांडवीत बुडवून मारली.

"त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"लोकांना मुलगी आवडली. मी काय करू?"

तो पियानोचं झाकण उचलतो. आत आमच्या अंगणातलं उखळ आहे. आई भात कांडते आहे. एक मुसळ तिचं, एक माझं. त्याच तालावर ती गाते. मिनेझिस डावा हात आत घालतो.

"हात काढ मेल्या, मुसळ बसेल."

"बसलंय कधीच." तो अंगठा दाखवतो. त्यावर तिरकी पांढरी रेघ आहे. पियानोचं झाकण पडलं होतं, तेव्हाची. तेव्हापासून त्याचा अंगठा दुखायचा आणि त्या बोटाचा सूर उशिरा पडायचा. आज धडधाकट अंगठ्यांचे वादक तसंच लंगडत वाजवतात, डोळे मिटून. त्याला मिनेझिस शैली म्हणतात.

"निदान दुखतं हे तरी सांगायचंस."

"कौतुक चाललं होतं गो. दुखणं कोण सांगतो?"

आई मुसळ थांबवते. "अनशे, हा कोण गं?"

"काय नाय," मी म्हणते.

त्याची मान खाली जाते. मी कागद त्याच्यापुढे धरते. "माझ्या ओळीखाली सही कर."

तो पेन घेतो. ते बोटांतून निसटतं. पुन्हा घेतो, पुन्हा निसटतं. "अक्षरं विसरलो, बाय."

"वा! पुस्तकं निघतात तुझ्यावर, आणि तू अंगठेबहाद्दर."

"अंगठा चालेल?"

"पॅड ठेवलाय. तुझ्याच लोकांनी."

बाहेर लेक भांडी आपटते आणि मी जागी होते. खाटेवर मी एकटी. कागद मांडीवर उलटाच आहे. पॅडचं झाकण उघडं आहे. मी आधी माझे दोन्ही अंगठे बघते. कोरडे, स्वच्छ.

माझ्या ओळीखाली एक रुंद निळा ठसा आहे आणि त्यातून तिरकी पांढरी रेघ गेली आहे. शाई अजून ओली आहे. उशिराच पडला, नेहमीसारखा.

मी पेन उचलते आणि त्याच्याशेजारी माझं पूर्ण नाव लिहिते.