सिक्युरिटी शिकलेली पोरं

इंजिनिअरिंगचे बहुतेक विषय पेपर दिला की डोक्यातून जातात. आमचा ‘नेटवर्क सिक्युरिटी’सुद्धा गेला. किस्से मात्र राहिले! आणि त्यांची गंमत अशी की ते कमी होत नाहीत, भेटीगणिक वाढतात. आम्ही तिघं आजही कुठे भेटलो, बारशाला म्हणा नाहीतर मिसळ खायला, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते काकांचं आठवतं का?" झालं, मग घरी जायचं नाव नाही.

तिघं म्हणजे मी, पंचवटीतली रूपाली आणि सटाण्याकडचा संदीप, ऊर्फ संद्या. साल दोन हजार चार-पाच. आम्ही बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेजने हा विषय नवीनच सुरू केला होता. त्यात जे काही शिकलो ते कधी एकदा जगाला दाखवतो असं आम्हाला झालं होतं. जगाची तशी काही मागणी नव्हती.

*

विषय शिकवायला बोरसे सर. विषय त्यांनाही नवा, त्यामुळे ते आमच्यापेक्षा एक धडा पुढे असायचे. कधी कधी तेवढेही नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी पासवर्ड कसा असावा ते शिकवलं. मोठा असावा, अक्षरं-आकडे मिसळलेले असावेत, कुणाला सांगू नये. मग विचारलं, "असा स्ट्राँग पासवर्ड कुणाचा आहे?"

मागच्या बाकावरचा एक जण ताडकन उभा राहिला. "सर, माझा!" आणि त्याने तो सगळ्या वर्गासमोर म्हणून दाखवला. कॅपिटल कुठलं, स्मॉल कुठलं, सगळं!

सर खूश. "उत्तम! माझ्यापेक्षा चांगला आहे. माझा तर नुसता..."

सर थांबले. सगळा वर्ग पुढे झुकला होता.

*

रूपालीच्या काकांचं मेन रोडला कापडाचं दुकान. बिलं करायला त्यांनी नवीन कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला पासवर्ड घातल्याचा त्यांना फार अभिमान. "तुझ्या कॉलेजातल्या कुणालाही आण, उघडणार नाही!"

रूपालीने खुर्ची ओढली आणि कुलदेवीचं नाव टाइप केलं. उघडला!

आपल्याकडे हे असंच आहे. अर्ध्या नाशिक जिल्ह्याच्या कॉम्प्युटरची राखण तेव्हा कुलदैवतं करत होती. काका जरा वरमले. "थांब," म्हणाले आणि तिला पाठ फिरवायला लावून पासवर्ड बदलला. रूपालीने नातवाचं नाव टाकलं. उघडला!

"तुला कसं कळलं गं?"

"काका, दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव, तुमच्या स्कूटरवर त्याचं नाव, पिशव्यांवरसुद्धा त्याचंच नाव. अजून कसं कळायला हवं?"

काका भडकले. "हे शिकवतात कॉलेजात? तुझ्या बापाला सांगू का?" मग ते डोळे मिटून बसले, बराच वेळ विचार केला आणि तिसरा पासवर्ड घातला. रूपालीने कुलदैवतं, नातवंडं, गावाचं नाव सगळं करून बघितलं. नाही उघडला.

"आता बोल!" काका विजयी मुद्रेने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बिलं हाताने लिहिली जात होती. तो पासवर्ड काकांनाही आठवत नव्हता.

*

माझाही एक पराक्रम आहे. कॉलेज रोडला आम्ही ज्या सायबर कॅफेत जायचो, तिथले कॉम्प्युटर इतके हळू चालायचे की मेल उघडेपर्यंत समोरच्याशी ओळख व्हायची. मी मालकाला म्हटलं, "दादा, व्हायरस झालेत. मी काढून देते, आम्हाला शिकवलंय."

सगळी दुपार घालवून मी एकेक मशीन धुऊन पुसून लख्ख केलं. दादांनी खूश होऊन वडापाव मागवला.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत पाय टाकला तर दादा कपाळाला हात लावून बसलेले. कॅफे रिकामा! चोरून उतरवलेले जेवढे गेम होते, तेवढे माझ्या साफसफाईत व्हायरसबरोबरच गेले होते, आणि शाळेतली सगळी गिऱ्हाइकं पलीकडच्या कॅफेत.

"ताई," दादा कळवळून म्हणाले, "तुमचे व्हायरस परत टाका. पण माझे गेम आणा!"

*

संद्याचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमच्या तिघांत खरी अक्कल त्यालाच होती, पण इंग्रजी मुलाखत म्हटली की त्याची वाचाच बसायची. पुण्याच्या एका कंपनीने कॅम्पस मुलाखतीत विचारलं, "तुझं बलस्थान काय?" हा म्हणाला, "येस सर." "आणि कमजोरी?" "येस सर!"

तीन कंपन्यांनी नाकारलं. थोरल्या भावाचं सटाण्याला खता-बियाण्यांचं दुकान होतं. वडिलांनी निरोप धाडला की दिवाळीपर्यंत कुठे काही ठरलं नाही, तर शिक्षण पुरे, दुकानात बसायचं. लॅबमधून सगळ्यात शेवटी उठायचा तो संद्याच. आम्हाला वाईट वाटायचं. फार वाटायचं.

त्यात कॉलेजचं प्रदर्शन आलं. संद्याने फायरवॉल तयार केली, म्हणजे बाहेरून कुणी घुसू नये म्हणून नेटवर्कला घातलेलं कुंपण. प्राचार्य आले. बोरसे सरांनी शेजारच्या लॅबमधून हल्ला चढवला. काहीच आत येईना! पुन्हा चढवला. शून्य!

"वा! अभेद्य आहे!" प्राचार्यांनी तिथल्या तिथे पहिलं बक्षीस जाहीर केलं.

ते गेल्यावर संद्या टेबलाखाली वाकला आणि तसाच बसून राहिला. मांडववाल्यांनी खांब रोवताना केबलच तोडली होती.

*

शेवटी बोरसे सरांनीच शब्द टाकला. अंबडच्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीचे साहेब कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. त्यांना एक मुलगा हवा होता: आधी सहा महिने प्रोजेक्ट, मग नोकरी. साहेब फोनवर म्हणाले, "मुलाखत वगैरे नको. आमच्या सर्व्हर रूममध्ये शिरून दाखव म्हणावं. माझी परवानगी आहे. पण कुलूप आहे, वॉचमन आहे, आणि माझ्याशिवाय कुणाला सोडायचं नाही असं त्याला सांगून ठेवलंय!"

बोलावलेला दिवस नेमका खंडेनवमीचा. धीर द्यायला मी आणि रूपालीही गेलो. कारखाना बंद, पण फाटक सताड उघडं! लेथना झेंडूच्या माळा, ड्रिलिंग मशीनसमोर नारळ, कामगारांची बायकापोरं नवे कपडे घालून यंत्रांमधून हिंडतायत. आम्हाला पेढेसुद्धा मिळाले. संद्याचा पेढा हातातच राहिला होता.

"मनं काम व्हई का नही?" तो हळूच म्हणाला.

"होईल रे," रूपाली म्हणाली. तिलाही खात्री नव्हती.

आम्ही साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलो आणि तो गर्दीत गेला. थोड्या वेळाने परत आला तो सरळ केबिनमध्ये. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"सर, जाऊन आलो."

साहेब हसले. "पुरावा?"

"सर्व्हरला कुंकू लावलंय, सर."

साहेब जिना चढून गेले आणि उतरले ते लालबुंद होऊन. सर्व्हरला कुंकू होतं, अक्षता होत्या, वर झेंडूचं फूल!

"कुणी सोडलं तुला आत? नाव सांग! आज त्याचा या कंपनीतला शेवटचा दिवस!"

संद्याने नकारार्थी मान हलवली.

"सांगतोस की नाही? नाव सांगितलंस तर प्रोजेक्ट तुझा. नाहीतर चालायला लाग."

सांगून टाक ना बाबा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. दिवाळी तोंडावर आली होती.

"नाव नाही सांगणार, सर," संद्या म्हणाला. या वेळी त्याची वाचा बसली नव्हती. त्याने बॅग उचलली आणि दाराकडे वळला.

तेवढ्यात आम्हाला ओलांडून एक बाई केबिनमध्ये शिरल्या. ठेवणीतली पैठणी, हातात पूजेचं रिकामं ताट.

"अगं बाई, तू इथे आहेस होय रे! अहो, किती गुणी मुलगा आहे हा. माझे मेले गुडघे, जिना चढवेना, म्हणून यालाच म्हटलं, वरच्या त्या गार खोलीतल्या मशीनला तेवढं कुंकू लावून ये. दर वर्षी तेच बिचारं राहून जातं. तुमचा वॉचमन कुलूप काढेना, चांगली दटावली मी त्याला!" मग त्यांनी ताट साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "आणि काय हो, शेवटचा दिवस कुणाचा? बाहेरपर्यंत ऐकू येतंय तुमचं ओरडणं!"

साहेबांनी बायकोकडे बघितलं. मग संद्याकडे बघितलं. मग समोरची खुर्ची त्याच्यासाठी पुढे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "सोमवारपासून येशील?"