दोन पाण्यांतली डाळ

कळंबच्या बाजारपेठेत आडत्यांनी वर्गणी काढून चालवलेला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं शामला उपाध्ये नावाची डॉक्टरीण रुजू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात गावानं तिच्याबद्दलचं मत ठरवून टाकलं. बाई शिकलेली असंल, पण कामाची न्हाय. गोळी देत न्हाय, बाटली देत न्हाय. सुई टोचती, ती पण औषध घालायला न्हाय, रक्त काढायला! आणि ते रक्त काचेवर फासून आतल्या खोलीत जाऊन बसती.

शामला मूळची तुळजापूरची. वडील, तात्या, शाळामास्तर. लहानपणी बोरं खाताना एखाद्या बोरात अळी निघाली की बाकीची पोरं थुंकून मोकळी व्हायची. ही मात्र ते बोर उन्हात धरून सालीवर अळीचं दार शोधत बसायची. साल तर कुठंच फुटलेली नाही, मग ही आत शिरली कशी? तात्या म्हणायचे, "पोरी, बोर खायचं असतं, त्याचा पंचनामा करायचा नसतो."

पुढं हैदराबादला डॉक्टरी शिकताना बरोबरीच्या मुली बाळंतपणाच्या विद्येकडं वळल्या. शामला सूक्ष्मदर्शकापाशी रेंगाळली ती तिथंच राहिली. पंचनाम्याची हौस तिथं कामी आली. लग्न झालं, नवऱ्याला कळंबच्या शाळेत नोकरी लागली, आणि ती आडत्यांच्या दवाखान्यात आली. पगाराचं बोलणं निघालं तेव्हा तिनं मागितला तो एक चांगला सूक्ष्मदर्शक. हैदराबादच्या माणसाचा रोग रक्त बघून ठरतो आणि कळंबच्या माणसाचा अंदाजानं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. आडत्यांना सूक्ष्मदर्शक म्हणजे काय ते नीट उमगलं नाही, पण धान्यातला खडा बघायला भिंग लागतं एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी तो आणून दिला.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर बाबूराव. पिकल्या केसांचे, नाडी बघून ताप सांगणारे, मनानं उमदे. "शामलाबाई, तुमचं यंत्र काय म्हणतंय?" असं रोज विचारायचे. थट्टा असायची, पण उत्तर ऐकल्याशिवाय पुढं जायचे नाहीत.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग पाण्याची वाफ करून ती गार करून शुद्ध पाणी देणारं तिचं काचेचं यंत्र तडकलं. दुसरं मुंबईहून मागवलं, ते वाटेतच फुटलं. तिसऱ्याची वाट बघण्यात हिवाळा संपला आणि महाराष्ट्र राज्य झालं तो उन्हाळा येऊन ठेपला. तोवर शामला दवाखान्याच्या विहिरीचं पाणी उकळून, फडक्यातून गाळून वापरत होती. आणि तिच्या काचा बिघडू लागल्या.

काचेवर रक्ताचा पातळ थर द्यायचा, वाळला की त्यावर रंग ओतायचा, रंगात पाणी मिसळून थोडा वेळ ठेवायचं आणि धुऊन घ्यायचं. नीट जमलं तर तांबड्या पेशी फिकट गुलाबी दिसतात, आणि पांढऱ्या पेशी आपापल्या रंगानं ओळखू येतात, कुणाचे दाणे जांभळे, कुणाचे शेंदरी. शामलाच्या काचांवर आता सगळंच निळं. तांबड्या पेशी शेवाळलेल्या, दाणे काळेनिळे, जणू काचेवर दौत सांडली आहे. तिनं रंगाची पूड बदलली, स्पिरिट बदललं, हातही स्वतःचाच आहे ना असा संशय घेऊन झाला. ट्रकवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, तर त्यात बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, उतरलेलं. सगळी काच लालभडक झाली आणि पेशींचा रंगच उडून गेला. पातेल्यावर झाकण ठेवून वाफ धरली, त्यात कल्हई आली. पावसाचं पाणी चाललं असतं, पण पाऊस होता कुठं?

अशा दिवसांत ईट गावचा सोमलिंग नावाचा शेतकरी आपल्या मुलीला गाडीत घालून घेऊन आला. वनमाला तिचं नाव, वय दहाच्या आतबाहेर. दोन महिने खोकला, अंगात बारीक ताप, मानेला गाठी, आणि पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. पोर वाळून चिपाड झाली होती. आई चन्नम्मा तिच्या उशाशी बसून होती, कुणी विचारलं तर उत्तर द्यायची, एरवी गप्प.

शामलानं रक्त घेतलं. पांढऱ्या पेशी मोजल्या, तर नेहमीच्या कितीतरी पट. मोजणीला रंग लागत नाही, त्यामुळं तिथं चूक नव्हती. पण त्या पेशी होत्या कसल्या? काचेवर नुसता निळाकाळा चिखल. मोठाल्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या, एकीसारखी दुसरी. गाठी, वाढलेली पानथरी आणि अशा पेशींचा पूर, हे सगळं मिळून पुस्तकात एकच नाव येत होतं.

बाबूरावांनी ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. "म्हणजे रक्ताचा कॅन्सर."

"तसं दिसतंय. पण डॉक्टर, मला काच नीट वाचता येत नाहीये. आतलं केंद्र बघा, एका शेंगेत दोन दाणे असावेत तसं दुभागलेलं वाटतंय. तसं असलं तर ह्या वेगळ्याच पेशी असतील."

"वाटतंय की आहे?"

शामलानं परत भिंगाला डोळा लावला. तोच निळा चिखल.

बाबूरावांनी सोमलिंगला बाहेर नेलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. तो बाजाराचा दिवस होता. सोमलिंग उन्हात बराच वेळ उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "मग हितं ठेवून काय करू? सांजच्याला बाजार उठला की गाडी जोडतो. घरी नेतो. तिची आज्जी हाय, भावंडं हायती. त्यांच्यात असू दे."

"सोलापूरला न्या," शामला म्हणाली. "तिथं परत तपासतील."

"तिथं काय येगळं सांगतील?"

"मला शंका आहे, हा तो रोग नसावा."

सोमलिंगनं तिच्याकडं नीट पाहिलं. रागानं नाही. "बाईसाब, शंका आमच्याकडं घरीबी लई हाय. खात्री असंल तर सांगा, गाडी जोडत न्हाय."

दुपारी ती जेवायला घरी गेली. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. वरणभात कालवून घास दिला, तर त्यानं डाळीचे कण एकेक करून जिभेनं बाहेर काढले. गेले काही महिने हेच चाललं होतं. त्याच्या पोटात दुखायचं, ती घाबरायची, डाळ आणखी तासभर चुलीवर ठेवायची, आणि तरी डाळ आपली टचटचीत. तुळजापूरला आई कधी सोडा घालत नव्हती. कळंबला आल्यापासून चिमूटभर सोडा घालायची सवयच लागली होती. पाणी जड, दुसरं काय?

घास तिच्या हातातच राहिला. पाणी जड. डाळ शिजू न देणारा जो क्षार, तोच तिच्या काचांवरचा रंग निळा करत असणार! सकाळी दवाखान्याच्या विहिरीच्या पाण्यानं ती काचा रंगवत होती आणि दुपारी तिथूनच घरी भरलेल्या पाण्यानं डाळ लावत होती. दोन्ही बिघडत होतं आणि दोन्हीवर ती वेगवेगळी चिडत होती.

मुलाला शेजारणीकडं सोपवून ती तडक दवाखान्यात आली. पडवीत बाजाराला आलेल्या बायका बसल्या होत्या, कुणी पोराला दाखवायला, कुणी नुसती सावलीला. आतबाहेर करायला गौराबाई होती, दवाखान्याची झाडलोट करणारी, तोंडाची फटकळ.

"बायांनो," शामला म्हणाली, "कुणाच्या गावचं पाणी चांगलं?"

झालं! पडवीत कालवा उठला. जी ती म्हणे आमचंच. एकीच्या विहिरीचं पाणी उसाच्या रसावानी, दुसरीच्या विहिरीचं त्याहून गोड, तिसरीच्या गावात तर म्हणे पाणी पिऊन म्हातारी माणसं मरायचीच विसरली होती.

"मग तुझा सासरा कशानं गेला गं?" गौराबाईनं विचारलं.

शामलाच्या लक्षात आलं, की प्रश्न चुकला. जी बाई एकाच विहिरीचं पाणी आयुष्यभर प्याली, ती दुसरं काय सांगणार?

"बरं, असं सांगा. माहेरची डाळ लवकर शिजते की सासरची?"

आता सुनांनी माना खाली घातल्या. सासवा जवळच बसलेल्या. मग कोपऱ्यातली एक तरुण सून, प्रेमाबाई, पदर सावरत म्हणाली, "खरं सांगू का? माह्या माहेरी डाळ चुलीवर ठेवायची आणि अंगण झाडायला घ्यायचं. अंगण होस्तोवर डाळ लोण्यावानी. हितं सकाळची डाळ संध्याकाळी दाताखाली लागती."

"घ्या!" तिची सासू कडाडली. "हिच्या माहेरची डाळ गुणाची, पाणी गुणाचं, झाडूबी गुणाचा. तिथनं बिनगुणाची निघाली ती ही येकटीच!"

सगळ्या हसल्या, पण आता धीर आला होता. आणखी दोघींनी माहेरची नावं घेतली. किती भाकरी भाजून होईस्तोवर डाळ शिजते, या हिशेबानं गौराबाई न्याय करत होती. शामलानं तीन गावं पक्की केली. तिन्ही गावांच्या गाड्या बाजारात उभ्या होत्याच, आणि लांबून येणारा माणूस गाडीला पिण्याचं पाणी बांधल्याशिवाय निघत नाही. प्रेमाबाईचा भाऊ तूर घेऊन आला होता. ती स्वतः जाऊन त्याच्या गाडीखालची चरवी घेऊन आली. गौराबाईनं बाकीच्या दोन गाड्यांकडून पाणी आणलं.

बाबूराव दारात येऊन उभे राहिले. "शामलाबाई, रक्त तपासायचंय की स्वैपाकाला लागलात?"

"दोन्ही एकच निघेल असं वाटतंय, डॉक्टर."

तिनं आधी स्वतःचं बोट टोचलं. आपल्या रक्ताच्या चार काचा केल्या. एकीवर दवाखान्याचं पाणी, बाकी तिघींवर गाड्यांवरचं. रंग तोच, वेळ तोच, हात तोच. पहिली काच निळीच निघाली. दुसरी थोडी उजळ. तिसरी निळी. चौथीवर प्रेमाबाईच्या माहेरचं पाणी होतं. ती भिंगाखाली सरकवली, आणि तांबड्या पेशी फिकट गुलाबी दिसल्या, कडा स्वच्छ. तिनं डोळा काढला, परत लावला. किती महिन्यांनी ती हे बघत होती!

बाहेर सोमलिंग बैलांना पाणी दाखवत होता. बाजार उठायला लागला होता.

तिनं वनमालाची नवी काच केली. रंग ओतला, चरवीतलं पाणी थेंबाथेंबानं मिसळलं. आता थांबण्यावाचून काही करता येत नव्हतं, आणि तिला तेच जड जात होतं. खरोखरच तो रोग निघाला तर? मग मधले हे दोन तास त्या आईला फुकटची आशा लावल्याचं पाप पदरी. चन्नम्मा दारातून तिच्या हातांकडं बघत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं.

काच धुतली, वाळवली, भिंगाखाली ठेवली.

शेंदरी दाणे होते. एक पेशी, दुसरी, तिसरी, भिंगाखालचा सगळा गोल भरून. प्रत्येक पेशी बुंदीच्या लाडवासारखी शेंदरी दाण्यांनी गच्च, आणि आत दोन दाण्यांच्या शेंगेसारखं दुभागलेलं केंद्र, अगदी स्पष्ट. ह्या इओसिनोफिल पेशी. निरोगी माणसाच्या रक्तातही असतात, पण थोड्या. आपल्या मुलखात एका आजारात त्यांचा असा पूर येतो. रात्रीचा खोकला, बारीक ताप, लहान पोरांना गाठी आणि पानथरीसुद्धा. माणूस क्षयी दिसतो, क्वचित त्याहून वाईट दिसतो. आणि हत्तीरोगावर देतात त्या गोळ्यांनी तो बरा होतो. कपाटात त्या गोळ्या होत्या.

तिनं बाबूरावांना हाक मारली. ते बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "सकाळी ह्याच पेशी होत्या?"

"ह्याच. आपण त्यांना निळ्या पाण्यात बुडवून बघत होतो."

बाबूरावांनी मान हलवली आणि स्वतःच बाहेर गेले. सोमलिंगच्या गाडीला एक बैल जोडून झाला होता. "सोमलिंग, मी सकाळी जे बोललो ते चुकलं. बाईंचं ऐक."

सोमलिंगनं शामलाकडं पाहिलं. "शंका हाय का खात्री?"

"तो रोग नाही. ही खात्री आहे," शामला म्हणाली. "गोळ्या आज सुरू करते. आठ दिवस ठेवावं लागेल. खोकला उतरला पाहिजे, आणि रक्तातल्या पेशी कमी झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर ते पण मी तुम्हाला सांगेन, लपवणार नाही."

सोमलिंग गाडीकडं वळला. त्यानं जोडलेला बैल सोडला, दोन्ही बैल लिंबाखाली बांधले आणि कडबा टाकला. मग तिथंच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला आणि उपरण्यानं तोंड झाकून घेतलं.

पहिले दोन दिवस वनमालाचा ताप वाढला. शामलाला घरी अन्न गोड लागेना. स्वतःच्या मुलाच्या कपाळाला हात लावला तरी तिला त्या पोरीचं कपाळ आठवायचं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या रात्री खोकला आला नाही, असं गौराबाईनं सकाळी सांगितलं, आणि पोरीनं भाकरीसाठी आपल्याशी भांडण काढलं, हेही सांगितलं.

प्रेमाबाईच्या माहेरचं पाणी आता दर बाजाराला यायचं ठरलं होतं, आणि पहिली खेप आलीही होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या होत्या. त्यातलंच वापरून शामलानं आठव्या दिवशी नवी काच केली. मोजायला बसली. मध्येच थांबून पहिल्यापासून मोजलं. शेंदरी पेशी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. तिनं आठ दिवसांपूर्वीची काचही पुन्हा लावून पाहिली. आपल्याला हवं तेच आपण बघत नाही ना, एवढंच तिला तपासायचं होतं.

मग ती बाहेर आली. चन्नम्मा उठून उभी राहिली.

"गोळ्या अजून दोन आठवडे द्यायच्या," शामला म्हणाली. "पण घरी देता येतील. घेऊन जा तिला."

चन्नम्मानं हात जोडले नाहीत की डोळ्याला पदर लावला नाही. ती लेकीकडं वळली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्यावर खेकसली, "बस खाली. डोसक्याचं पार झिपाट झालंय. ह्या अवतारात येशीतनं आत न्यायची व्हय तुला?"

गौराबाईनं फणी आणून दिली. वनमाला पायरीवर बसली. केसांच्या गुंता झालेल्या जटा सोडवताना पोर ओरडत होती, चन्नम्मा तिला रागं भरत होती, आणि शामला दारात उभी राहून दोन्ही वेण्या घालून होईपर्यंत बघत राहिली.