खुंट जंबेरीचा होता

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच नाही, असं समजा. सांगायला तोंड उघडतो आणि कुणावर तरी खेकसतो — गड्यावर, फोनवर, कुत्र्यावर. आज खेकसायला जवळ कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

नांदुऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझी रोपवाटिका आहे. संत्र्याची कलमं करतो. संत्र्याचं एक झाड म्हणजे खरं तर दोन झाडं — खाली लिंबाच्या जातीचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला. खुंट जंबेरीचा असला की झाड भराभर वाढतं, पण भारी काळ्या जमिनीत त्याला डिंक्या धरतो. बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते, झाड उभ्या उभ्या वाळतं. रंगपूर लिंबाचा खुंट सहसा त्या रोगाला दाद देत नाही. हे मी येईल त्याला घसा फोडून सांगतो. आणि मीच —

थांबा. आधी गजाननचं सांगू द्या.

गजानन माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं वावर काळंभोर, पाणी धरून ठेवणारं. त्याच्या वडिलांनी त्याला जन्मभर एकच ऐकवलं, की तुझ्याच्यानं शेती होत नाही. म्हातारा गेला आणि याने संत्र्याची बाग लावायचं काढलं. कुणाला दाखवायची होती? दाखवायचं ज्याला, तो तर गेला होता. पण मला आनंदच झाला. रंगपूरच्या खुंटावरचीच कलमं पाहिजेत म्हणाला. ते त्याच्या डोक्यात मीच भरवलेलं.

रंगपूरची रोपं माझ्याकडे वाढत होती. एका लग्नाला जायच्या गडबडीत मी वाफ्यावरचं पाणी सुरूच ठेवून निघून गेलो. परत आलो तर वाफा तुंबलेला, आणि काही दिवसांत सगळी रोपं मानेशी कुजून आडवी. गज्या, रोपं मेली, एक वर्ष थांब — एवढंच म्हणायचं होतं ना? तो थांबला असता. चहा पाजून, चार शिव्या देऊन थांबला असता. पण मी गावभर मिरवत होतो, माझ्यासारखी कलमं आसपास कुणाकडे नाहीत म्हणून. स्वतःच्या हाताने रोपं बुडवली, हे कुठल्या तोंडाने सांगू? शेजारच्या वाफ्यात जंबेरी उभी होती, जोमदार. तिच्यावरच डोळे बांधले आणि कलमं रंगपूरची म्हणून त्याला दिली. डोळा फुटून वाढला, खुंटाचा शेंडा छाटला, की खाली कोण आहे ते कोण बघतो?

बाग अशी आली, की लोक मोटारसायकल थांबवून बघत. पहिल्या बहाराचं पहिलं फळ त्याने वडिलांच्या फोटोपुढे ठेवलं आणि तिथूनच मला फोन केला. मला वाटलं, झालं, निभावलं. हे वाटणं — त्याची मला आजही चीड येते.

पुढच्या पावसाळ्यानंतर तो आला. हातात वर्तमानपत्राची पुडी, पुडीत डिंकाचे खडे. पुडी माझ्यापुढे उलगडली. मग म्हणाला, "पानी जास्त झालं काय बे माह्याकून?"

बघा, उत्तर त्यानेच माझ्या हातात आणून दिलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. मी मानही हलवली आणि वर बोललो, "हाव. पानीच जास्त झालं."

तो म्हणाला, "बाप खरं म्हने मंग."

त्यावर तरी मी काही बोलावं की नाही? मी त्याला बुंध्याला बोर्डो पेस्ट, मोरचूद-चुन्याचा लेप, कशी लावायची ते सांगत बसलो. पेस्टने काय होणार होतं, कर्म माझं. दोन पावसाळ्यांत बाग वाळली.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. वरचं संत्रं वाळलं, पण काही झाडांना खालून, डोळ्याच्या खालून, हिरवे फोक फुटले. गजानन हरखून सांगायला आला, की झाडं जिती आहेत. ती जितीच होती, पण ती जंबेरी होती. फळ लागलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रंगपूरचं लिंबू नारिंगी, जंबेरीचं पिवळं, खरबरीत. मी कात्री घेऊन त्याच्या वावरात गेलो आणि एकूण एक फोक छाटून टाकला. खुंटाचे फोक काही कामाचे नाहीत, म्हटलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर जमलं. त्यांच्यासाठी उन्हात राबतोय म्हणून वहिनीने, गजाननच्या बायकोने, मला जेवू घातलं. मी पोटभर जेवलो.

आता ते वावर दुसरा कुणी वाहतो. गजानन स्टँडजवळ एका दुकानात बसतो. रिकामा असला की माझ्याकडे येतो, खुर्ची ओढून बसतो. मी त्याच्याशी नीट बोलत नाही. त्याला वाटतं, माझा स्वभावच तिरसट.

परवा जानेफळकडचा एक माणूस कलमं बघायला आला. दुसऱ्या एका रोपवाटिकेत त्याला कुणीतरी फसवलं होतं, म्हणून प्रत्येक रोप उलटसुलट करून बघत होता, खुंट कशाचा म्हणून तीनतीनदा विचारत होता. मी वैतागून काहीतरी बोलणार, एवढ्यात गजानन खुर्चीतून उठला. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बिनधास्त ने भाऊ. याच्या कलमात खोट नसते. माही बाग याच्याच कलमाची होती, म्या मारली तिले, पानी पाजू पाजू."

अनोळखी माणसापुढे, भर दिवसा, हसत कबूल करून टाकलं त्याने. माझा गुन्हा.

त्या माणसाने कलमं घेतली. गजानननं ती टेम्पोत चढवायला हात लावला, आणि मी त्याला लावू दिला.